14 एप्रिलची पुरवणी आणि नऊ ओळींची बातमी

फेब्रुवारी संपत आला की जिल्हा कार्यालयातून तालुक्याच्या वार्ताहरांना निरोप येतो. 14 एप्रिलची विशेष पुरवणी काढायची आहे, तुमच्या तालुक्याला इतक्या रकमेचे टार्गेट आहे, शुभेच्छुकांची यादी आठ दिवसांत पाठवा. त्या निरोपात बातमीबद्दल एक शब्दही नसतो. बाबासाहेबांवर एक लेख जिल्ह्याचे उपसंपादक कुठून तरी काढून लावतात. उरलेली पाने शुभेच्छांची, म्हणजे आमच्यासारख्यांनी गोळा केलेल्या जाहिरातींची.

आम्ही गेली सोळा वर्षे मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून एका दैनिकासाठी बातम्या पाठवतो. दैनिकाचे नाव इथे देत नाही, कारण त्या जागी दुसरे कोणतेही नाव घातले तरी पुढचा मजकूर तसाच राहील. माध्यमे आपल्या बातम्या देत नाहीत, ही तक्रार आपल्या प्रत्येक सभेत होते आणि ती खरी आहे. पण बोलताना आपल्या डोळ्यासमोर मुंबई-दिल्लीचे स्टुडिओ आणि मोठे संपादक असतात. आपल्या वस्तीची बातमी बहुतेक वेळा तिथपर्यंत जातच नाही. ती तालुक्यातच अडते. अडवणारा माणूस पुष्कळदा भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा, पेट्रोलचा हिशोब करणारा, आणि कधीकधी आपल्याच समाजाचा असतो. आम्ही तसे आहोत. ती कशी अडते हे कोणीतरी आतून सांगायला हवे, म्हणून हा लेख.

आमचा दिवस बातमीने सुरू होत नाही. सकाळी अंकांचे गठ्ठे येतात. तालुक्यात वार्ताहर हाच बहुतेक ठिकाणी एजंटही असतो, त्याने अंकांसाठी डिपॉझिट भरलेले असते, आणि न खपलेल्या अंकांचा भुर्दंड त्याच्या खिशातून जातो. पेपर टाकणारी दोन पोरे आली नाहीत तर आम्हीच सायकल काढतो. नऊच्या सुमारास पोलीस ठाण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशीच्या गुन्ह्यांची माहिती पडते. अकराला तहसील, मग पंचायत समिती. ग्रामीण रुग्णालयात चक्कर, तिथे शवविच्छेदनाला कोणी आले असेल तर आकस्मिक मृत्यूची नोंद. दुपारी सगळे पत्रकार बसस्थानकाजवळच्या एका टपरीवर जमतात. तिथे एक जण पोलिसांची नोट मोबाइलवर नीट टाइप करतो आणि बाकीचे तीच पुढे पाठवतात. दुसऱ्या दिवशी पाच दैनिकांत एकच बातमी, एकाच चुकीसह. एकदा आरोपीचे वय 25 च्या जागी 52 पडले आणि ते पाचही ठिकाणी 52 च छापून आले. त्या दिवशी आम्ही हसलो होतो.

संध्याकाळी पाचपर्यंत मजकूर जायला हवा. सहानंतर जिल्ह्याच्या पानावर फक्त अपघात किंवा खून जागा मिळवतो. त्यानंतर एखाद्या नेत्याचे उद्घाटन, कोणाची नियुक्ती, कोणाचा सत्कार. हे कार्यक्रम चुकवता येत नाहीत, कारण त्या माणसाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात असतो.

वाढदिवसाचे महत्त्व समजल्याशिवाय तालुक्याची पत्रकारिता समजत नाही. आम्हाला महिन्याला जे मानधन मिळते त्यातून मोटरसायकलचे पेट्रोलही पूर्ण निघत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या टक्केवारीतून होते. 26 जानेवारी, 14 एप्रिल, 15 ऑगस्ट, दिवाळी, दैनिकाचा वर्धापनदिन आणि नेत्यांचे वाढदिवस एवढी आमची पिके. जाहिरात देऊ शकणारे तालुक्यात पंचवीस-तीस लोक असतील. ठेकेदार, पतसंस्थांचे अध्यक्ष, शाळांचे संस्थाचालक, जिल्हा परिषदेचे आजी-माजी सदस्य, दोन-चार मोठे सरपंच. बातमीत ज्यांची नावे यायला हवीत त्यातली निम्मी नावे याच यादीत असतात.

कागदावर आम्ही पत्रकार नाहीच, हेही आपल्या तरुणांना माहीत असावे. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याचे संरक्षण 2025 पर्यंत ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे त्याला मिळत होते. तो अर्धवेळ असला तरी चालत होते, पण व्यवसाय मुख्य हवा होता. म्हणून नेमणुकीच्या वेळी आमच्याकडून लिहून घेतले जाते की आमचा उदरनिर्वाह दुसऱ्या धंद्यावर चालतो. आम्ही सही केली. मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या, ती बातमी आम्ही दोन कॉलमांत वाचली आणि त्याच दिवशी वर्धापनदिनाच्या जाहिरातीसाठी एका ठेकेदाराच्या दारात जाऊन बसलो.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2017 मध्ये स्वतंत्र कायदा मंजूर केला. तरीही फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला रिफायनरीविषयी लिहिणारे शशिकांत वारिसे गाडीखाली चिरडून मारले गेले. जानेवारी 2025 च्या सुरुवातीला बस्तरमध्ये रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार दाखवणाऱ्या मुकेश चंद्राकरांचा मृतदेह सेप्टिक टाकीत सापडला. दोघेही आमच्याच जातकुळीचे, म्हणजे गावपातळीवरचे पत्रकार. त्यांच्या बातम्या आल्या तेव्हा टपरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. पण खरे सांगायचे तर आम्हाला गाडीखाली घालण्याची गरज सहसा कोणाला पडत नाही. आमच्या बाबतीत अर्ध्या पानाची जाहिरात पुरते.

2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ‘पॅकेज’ गाजले होते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच नेत्याची शब्दशः सारखी स्तुती छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले, प्रेस कौन्सिलने चौकशी केली, बरीच चर्चा झाली. ते निवडणुकीचे पॅकेज होते म्हणून डोळ्यावर आले. तालुक्यात पॅकेज बाराही महिने चालू असते, आणि त्यात पैसे देऊन बातमी छापून घेण्यापेक्षा न छापण्याची सोय जास्त असते. ती कोणी तोंडाने मागत नाही. समोरचा फक्त म्हणतो, “यंदा आपली पूर्ण पानाची धरा.”

आता शब्दांकडे येऊ, कारण आपले सर्वांत जास्त नुकसान तिथे होते.

वस्तीवर हल्ला झाला की पोलिसांची नोट येते. तिच्यात साधारण चार शब्दप्रयोग असतात: ‘किरकोळ कारणावरून’, ‘दोन गटांत’, ‘परस्परविरोधी तक्रारी’, ‘तणावपूर्ण शांतता’. सोळा वर्षांत आम्हीही हे शब्द शेकडो वेळा पाठवले आहेत. दोन गट म्हटले की दोन्ही बाजू सारख्या होतात. एका बाजूला दोनशे उंबरे आणि दुसऱ्या बाजूला सतरा उंबरे असतील, एका बाजूकडे विहीर, गिरणी, ट्रॅक्टर आणि सोसायटी असेल आणि दुसरीकडे रोजंदारी, तरी ते दोन गटच. ‘किरकोळ कारण’ म्हणजे काय, तर निळा झेंडा, मोबाइलवरचे स्टेटस, वरातीतला घोडा, मिरवणुकीचा रस्ता. ज्याच्यासाठी माणूस मार खायला तयार होतो ते कारण किरकोळ कसे, हा प्रश्न डेस्कवर कोणाला पडत नाही, आणि आम्हालाही फार उशिरा पडला.

त्यानंतर वाक्याची रचना पाहा. ‘दगडफेक झाली.’ ‘घरांचे नुकसान झाले.’ ‘बंदला हिंसक वळण लागले.’ या वाक्यांतून कर्ता काढून घेतलेला आहे. दगड आपोआप उडाले, घरे आपोआप फुटली. गंमत अशी की आपल्या माणसांविरुद्धची बातमी असली की कर्ता लगेच हजर होतो: ‘जमावाने बस फोडली.’ आमच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे की पुढच्या वेळी कात्रण हातात आले की फक्त क्रियापदे तपासा. त्यासाठी पदवी लागत नाही.

हा केवळ भाषेचा मामला राहत नाही. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना मारले गेले, तेव्हा सुरुवातीच्या बातम्या छोट्या होत्या आणि त्यांत अनैतिक संबंधाचा वास लावलेला होता. हे जातीय हत्याकांड आहे हे राज्याला कळायला कित्येक आठवडे गेले, आणि तेही आपल्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती काढली म्हणून, लोक रस्त्यावर आले म्हणून. पुढे सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी जन्मठेप दिली आणि तिथेही हा सूडच ठरला, जात ठरली नाही. वृत्तपत्राच्या शब्दांनी न्यायालय चालते असे आम्ही म्हणत नाही. पण पहिल्या आठवड्यात जे शब्द रुजतात तेच पंचनाम्यात, जबाबात आणि चर्चेत फिरत राहतात, हे आम्ही आमच्या तालुक्यातही पाहिले आहे.

परभणीचेच घ्या. 10 डिसेंबर 2024 ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीचा बंद, जाळपोळ, मग वस्त्यांतून धरपकड. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पहिल्या बातम्या पोलिसांच्या माहितीवर होत्या: छातीत दुखू लागले, रुग्णालयात नेले, मृत्यू झाला. या वाक्यातही कर्ता नाही, बघा. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण आले. सोमनाथच्या आईने माघार घेतली नाही. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. छातीत दुखण्यापासून गुन्हा नोंदवण्यापर्यंतचे हे अंतर कापायला सात महिने लागले, आणि ते कोणत्या वार्ताहराने कापले नाही. एका आईने आणि एका कागदाने कापले.

बौद्ध वार्ताहराची अडचण याहून वेगळी आहे आणि ती थोडी खासगी आहे. जयंती, वर्षावास, धम्म परिषद, विहाराचे उद्घाटन, या सगळ्या बातम्या इतर सहकारी आमच्याकडे ढकलतात. “तुमच्या लोकांची आहे, तुम्हीच पाठवा.” वर्षावासाची बातमी आम्ही आनंदाने पाठवतो. पण अत्याचाराची बातमी पाठवली की डेस्कवरून फोन येतो, “तुम्ही जवळचे आहात, जरा बॅलन्स ठेवा.” सरपंचाचा सख्खा मेव्हणा असलेला वार्ताहर सरपंचाची बातमी पाठवतो तेव्हा त्याला असा फोन आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. 2006 मध्ये दिल्लीतल्या 37 हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतल्या निर्णय घेणाऱ्या 315 वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली होती. त्यात एकही अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नव्हता. तेव्हा आपल्याकडे मोठी चर्चा झाली. आम्हाला त्या आकड्यापेक्षा त्या फोनची जास्त भीती वाटते, कारण दोन-चार वेळा तो आला की पाचव्या वेळी माणूस स्वतःच ‘बॅलन्स’ करून बातमी पाठवतो.

आम्ही तेच केले होते. तो प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

तालुक्यापासून बावीस किलोमीटरवर एक गाव आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून वाद झाला. मारामारी फार झाली नाही, दोघांची डोकी फुटली. पण त्यानंतर गावाने वस्तीशी व्यवहार थांबवला. गिरणीवाल्याने दळण घेणे बंद केले. किराणा दुकानात ‘माल संपला’ सुरू झाले. निंदणी-खुरपणीला बायांना कोणी बोलवेना. ट्रॅक्टरवाला वस्तीच्या दोन शेतकऱ्यांचे शेत नांगरायला येईना. बाया ज्वारीची पोती डोक्यावर घेऊन चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी दळायला जाऊ लागल्या. वस्तीतली दोन पोरे आमच्याकडे आली. आम्ही गेलो, फोटो काढले, सात-आठ जणांशी बोललो.

बातमी आम्ही चाळीस ओळींची लिहिली. पाठवण्याआधी पुन्हा वाचली आणि ‘बहिष्कार’ हा शब्द काढून ‘अबोला’ घातला. कोणी सांगितले नव्हते. गावचा कारभारी म्हणजे आमच्या यादीतला पहिल्या पाचातला माणूस, त्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस, आणि त्याचे पूर्ण पान आम्हीच ठरवून आणलेले. त्यातून येणाऱ्या पैशांवर मुलीच्या कॉलेजची फी अवलंबून होती. दुसऱ्या दिवशी चाळीसच्या नऊ ओळी झालेल्या होत्या. मथळा होता, ‘दोन गटांतील वाद निवळला’. समोरच्या पानावर कारभाऱ्याचा हात जोडलेला फोटो.

पोरे कात्रण घेऊन आली. त्यातला एक बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला होता. तो रागावला नाही. त्याने कात्रण टेबलावर ठेवले आणि विचारले, “दादा, निवळला हे कुणी सांगितलं तुम्हाला?” आम्ही डेस्कवर ढकलले. नऊ ओळी डेस्कच्या होत्या हे खरेच होते. ‘अबोला’ आमचा होता हे आम्ही त्याला सांगितले नाही. आज इथे पहिल्यांदा सांगतो आहोत.

पुढचे काम पोरांनी केले. 2015 च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे, कलम 3(1)(झेड सी). ते त्यांना जिल्ह्याच्या एका वकिलाने सांगितले. आम्हाला सोळा वर्षांत माहीत नव्हते, कारण पोलिसांच्या नोटमध्ये ते कधी आले नाही. मग वस्तीतल्या एका आजींनी, ज्यांना लिहिता येत नव्हते, नातीच्या वहीत तारखा लिहवून घेतल्या. कोणत्या दिवशी गिरणीवाला काय म्हणाला, तेव्हा कोण उभे होते, किती पायली ज्वारी परत आणली. सतरा घरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज ठाण्यात, त्याची एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का. तो शिक्का मारलेला अर्ज आणि वहीच्या पानांचे फोटो घेऊन पोरे दुपारी दोनला आमच्याकडे आली, पाचच्या आधी.

या वेळी बातमी अडवणे आम्हालाही अवघड होते आणि डेस्कलाही. शिक्क्याचा कागद असला की ‘बॅलन्स’चा फोन येत नाही, आला तर कागद पुढे करता येतो. तीन कॉलम आली. ‘बहिष्कार’ हाच शब्द होता, कारण अर्जातच तो होता. वहीतल्या पायलींचा हिशोब चौकटीत लागला. इतर दैनिकांनी दुसऱ्या दिवशी ती उचलली. आठवडाभरात अधिकारी गावात आले, बैठक झाली, गिरणी सुरू झाली. गुन्ह्याचे काय झाले ते कोर्टात आहे, त्यावर इथे लिहीत नाही. कारभाऱ्याने पुढच्या वर्षी आमच्या दैनिकाला जाहिरात दिली नाही, शेजारच्या दैनिकाला दिली. तिसऱ्या वर्षी मात्र पुन्हा दिली.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. निवेदन देताना फोटो काढायला पत्रकार लागतो, एवढाच त्याचा उपयोग समजू नका. घटना घडली की आपण आधी फेसबुकवर लाइव्ह जातो, संताप लिहितो, नेत्यांना टॅग करतो. ते करू नका असे नाही. पण एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, ती त्याच दिवशी घ्या. तीत कोणती कलमे लागली ते पाहा, जातीचा उल्लेख फिर्यादीत आहे की ठाणे अंमलदाराने गाळला ते पाहा. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तो कोण हे विचारून नाव लिहून ठेवा. जखमीचे रुग्णालयातले कागद, तारखा, साक्षीदार. मग तो गठ्ठा वार्ताहराच्या हातात द्या, तो आपला असो की दुसऱ्याचा. भित्र्या वार्ताहरालाही कागदामागे उभे राहता येते. आम्ही त्याचे जिवंत उदाहरण आहोत.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती बोलायला जड जाते. ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 ला निघाला तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला, हे आपण दर 31 जानेवारीला सांगतो. शाहू महाराजांनी त्या पत्राला मदत केली हेही सांगतो. पुढचे सांगत नाही. महाडला चवदार तळ्यावर मार्च 1927 मध्ये जे घडले त्यानंतर दोनच आठवड्यांत, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. बाबासाहेब त्याचे रकानेच्या रकाने एकट्याने लिहीत होते, वेगळा संपादक नेमण्याइतका पैसा नव्हता. आणि वर्गणीदार वर्गणी थकवत होते. पत्रावर चढलेले कर्ज नेमके कोणाचे, असे बाबासाहेबांना आपल्याच वाचकांना विचारावे लागले होते. 1929 च्या अखेरीस पत्र बंद पडले. मग 1930 मध्ये ‘जनता’, 1956 मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’. चळवळ थांबली नाही, पण दर वेळी पत्र पैशापाशी येऊन अडत होते. 1943 मध्ये पुण्यात रानड्यांच्या 101 व्या जयंतीला बाबासाहेब म्हणाले होते की या देशातली पत्रकारिता हा धंदा झाला आहे आणि तिला साबण बनवण्याच्या कारखान्याहून अधिक नीती उरलेली नाही. साबणाच्या त्या कारखान्यात आम्ही सोळा वर्षे रोजंदारीवर आहोत, त्यामुळे त्या वाक्याचा आम्हाला राग येत नाही.

आज आपल्या हातात ‘सम्राट’, ‘महानायक’सारखी दैनिके आली, यूट्यूबवर शेकडो चॅनेल आले, ही वेबसाइट आहे. तरी आमच्या तालुक्यातला हिशोब असा. गेल्या वर्षीच्या 14 एप्रिलच्या पुरवणीत एकूण बेचाळीस जाहिराती आम्ही दिल्या. त्यातल्या सव्वीस आपल्याच समाजाच्या होत्या: शिक्षक, ग्रामसेवक, एलआयसी एजंट, नगरसेवक, जयंती मंडळे. आम्ही प्रत्येकाच्या घरी गेलो, चहा घेतला, पासपोर्ट फोटो घेतला. यातल्या किती जणांनी आपल्या एखाद्या दैनिकाची, मासिकाची वर्षाची वर्गणी भरली आहे, असे आम्ही सहज विचारत गेलो. सव्वीसपैकी तिघांनी. जाहिरातीचे पैसे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही, त्यातली टक्केवारी आमच्या घरात आली. पण ज्या पुरवणीत सव्वीस आपले फोटो होते त्याच दैनिकात वर्षभर आपण ‘दोन गट’ होतो.

यंदाचा निरोप आला तेव्हा आम्ही यादी करायला बसलो. कारभाऱ्याच्या माणसाचा आधीच फोन येऊन गेला होता, बाबासाहेबांना अभिवादन, पूर्ण पान, पैसे रोख. ज्या गावात मिरवणुकीचा रस्ता अडवला त्याच गावातून. आम्ही यादी पाठवली त्यात हे नाव घातले नाही. जिल्ह्यावरून विचारणा झाली, तेव्हा ते यंदा देत नाहीत असे सांगितले. हे खोटे होते. चौथे शील आम्ही दर पौर्णिमेला विहारात म्हणतो, त्यामुळे हे लिहिताना बरे वाटत नाही. खरे कारण सांगण्याएवढे धैर्य नव्हते, एवढेच. टार्गेट त्या रकमेने कमी भरले आहे आणि मार्चअखेर त्याबद्दल बोलावणे येईल.

परवा त्या बी.ए. वाल्या पोराचा फोन आला. तो आता पदवीधर आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. गिरणी चालू आहे, म्हणाला, पण महिन्याभरापासून वस्तीच्या दळणाला पायलीमागे दोन रुपये जास्त घेतात. गावातल्या बाकीच्यांना जुनाच दर. आजींच्या वहीत लिहायला सुरुवात केली आहे. आम्ही विचारले, गिरणीवाला पावती देतो का? तो म्हणाला, देत नाही. मग दोन्ही दरांनी एकाच दिवशी दळण टाकून पाहा, आपल्यातले एक आणि गावातल्या एखाद्या समजूतदार माणसाचे एक, दोघांचे लिहून घ्या, आणि सोमवारी या, असे सांगितले. पाचच्या आधी.